शंभर दीनार

प्रिय बाळा,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

काल फोनवर तू म्हणालीस, "आकड्यांतली चूक मैत्रिणीची, बोलणी मी खाल्ली, आणि आता तुम्ही म्हणणार, क्षमा कर." मी गप्प बसलो, कारण अगदी तेच म्हणणार होतो. रात्री बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८वा अध्याय पुन्हा काढला.

येशूने सांगितलेल्या दाखल्यात राजा एका चाकराचं १०,००० तालांतांचं देणं माफ करतो. तो चाकर बाहेर पडतो आणि १०० दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. १०० दीनार म्हणजे चिल्लर, असं मी संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षं शिकवत आलो. पण दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराचा एक रोज. शंभर रोज, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त घाम. चिल्लर कुठली? एक तालांत सुमारे ६,००० दीनारांचा, त्यामुळे राजाचं देणं पिढ्यान्‌पिढ्या राबूनही फिटलं नसतं, हे खरंच. तरी सोबत्याकडचं येणं काही खोटं नव्हतं. म्हणून तुझं काही गेलंच नाही, असं मी म्हणणार नाही. काय गेलं ते नीट मोज, मग सोड. न मोजता सोडलेलं रात्री-बेरात्री परत येऊन उभं राहतं.

आता माझं एक ऐक. तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट. ऑफिसात एका तक्त्यात मी घाईने लिहिलेला ७ हा १ सारखा दिसत होता, आणि त्यावरून पुढचा सगळा हिशेब चुकला. साहेबांनी माझ्या हाताखालच्या मुलाला सगळ्यांदेखत झापलं. अक्षर माझं होतं, तरी मी टेबलावरचे कागद नीट करत राहिलो. संध्याकाळी जिन्यात त्याला गाठून माफी मागितली. तो म्हणाला, "माफ केलं, सर. पण हे तुम्ही आत बोलला असता तर."

तीन दिवस मला बायबलमधला जक्कय आठवत राहिला, लोकांना लुबाडणारा आणि येशू भेटल्यावर बदललेला जकातदार. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वेळी मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच परत करायला सांगितलं होतं. हा गडी चौपट द्यायला निघाला, आणि तेही चार लोक कुरकुरत असताना, उभं राहून. जिन्यात नाही.

चौथ्या दिवशी मी मीटिंगमध्ये सांगितलं. पाय लटपटत होते. त्या मुलाने मान वर न करता "ठीक आहे, सर" म्हटलं. मला ते कमी वाटलं, पण जास्त मागायचा हक्क माझा नव्हता.

तुझ्या मैत्रिणीशी बोलशील तेव्हा मात्र एकटीला गाठून बोल. मत्तयाच्या त्याच अध्यायात तेही सांगितलंय: दुसऱ्याची चूक दाखवायची ती एकांतात. तिने कबूल केलं नाही तर? तरी तू सोड, पण पुढच्या वेळी तिचे आकडे तपासून घे. क्षमा केली म्हणजे डोळे मिटले असं नाही.

आईलाही फोन कर. सातचं प्रकरण मी तिला आजच सांगितलं, आणि ती अजून माझ्याशी धड बोललेली नाही.

तुझे,
बाबा