होडी ओलांडायची नसते

हिलो, हवाई

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

रोज पहाटे मी कसली होडी वल्हवायला जाते, असे बाबांनी फोनवर विचारले होते. ती बाजूला तोल राखणारी उलांडी बांधलेल्या आपल्या मालवणच्या होडीची चुलत बहीणच म्हणावी लागेल. इथे होडीला ‘वाआ’ म्हणतात, उलांडीला ‘आमा’ आणि ती जोडणाऱ्या आडव्या दांड्यांना ‘इआको’. आम्ही सहा जणी बसतो. सहावी सुकाणू सांभाळते.

पहिल्याच दिवशी वाळूवर ठेवलेली होडी मी सहज ओलांडली, तेव्हा शिकवणाऱ्या वयस्कर बाईंनी मला परत पाठवून वळसा घालून यायला लावले. होडी घरातलीच आहे, घरच्या माणसाला कोणी ओलांडते का, एवढेच त्या म्हणाल्या. (निजलेल्या धाकट्याला ओलांडले की आई मला उलट ओलांडायला लावायची, ते आठवले.) आमची होडी फायबरची आहे, तरी नियम तोच.

या भावनेचे मूळ जंगलात आहे. जुनी होडी कोआच्या एका अखंड खोडातून कोरली जाई, आणि कोआ याच बेटांवर वाढतो. झाड पाडण्याआधी होड्या घडवणारा पुरोहित देवांना नैवेद्य दाखवी आणि मग एलेपायो या चिमुकल्या पक्ष्याकडे डोळे लावून बसे, कारण तो पक्षी म्हणजे होडी घडवणाऱ्यांची देवी लेआ. खोडावर थांबून त्याने चोच मारली, तर लाकूड किडके समजून सोडून देत. तो न थांबता खोडावरून धावत गेला, तर देवीने उजवा कौल दिला. पक्षी किडेच शोधत असतो हे उघड आहे, पण त्यामुळे कौल खोटा ठरतो असे मला वाटत नाही.

१९९०च्या सुमारास ‘हवाईइलोआ’ ही जुन्या पद्धतीची मोठी होडी बांधायचे ठरले, तेव्हा रान पालथे घालूनही तेवढा मोठा निरोगी कोआ सापडला नाही. अखेर अलास्कातील मूळ रहिवाशांनी स्प्रूसचे दोन प्रचंड वृक्ष भेट दिले. इथली माणसे त्या दानाविषयी कृतज्ञतेने बोलतात, पण त्यामागे आपले जंगल खंगल्याची खंतही असते.

पाण्यात उतरण्यापूर्वी आम्ही हात धरून प्रार्थना करतो. शब्द मला अजून पुरते कळत नाहीत. डोळ्यांसमोर मात्र नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहणारे बाबा उभे राहतात.

इथे पूर्वी सारे जोड काथ्याच्या दोरीने बांधत असत. आपल्याकडे उलांडी कशी बांधत, हे आजोबांकडून ऐकले असेल तर पुढच्या पत्रात सविस्तर लिहावे.

तुमची,
लेक