रविवारी आंजर्ले खाडी: त्याआधी मोबाईलमध्ये एवढं करून ठेवा

मंडळी, येत्या रविवारी पक्षी बघायला सकाळी साडेसहाला जेटीवर जमायचंय, ओहोटी बघूनच वेळ ठरवलीये तेव्हा उशीर नको.

पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन अॅप आणि त्यातला भारताचा पॅक (म्हणजे इथल्या पक्ष्यांची माहिती) घरच्या वायफायवर शनिवारीच डाऊनलोड करा, खाडीवर रेंजचं काय ते तुम्हाला माहितीच आहे, पण पॅक असला की नेट नसतानाही चालतं. फुकट आहे. मात्र आवाज ऐकवला आणि मर्लिनने नाव सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, पक्षी डोळ्यांनी दिसला पाहिजे.

शंका आली तर झेनो-कँटो या वेबसाइटवर जगभरातल्या पक्ष्यांचे आवाज आहेत, घरी बसून ऐका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर प्रजातीच्या पानावर नकाशा आणि कुठल्या महिन्यात दिसतो ते कळतं, कुरव (सीगल) ओळखताना फार उपयोग होतो.

आणि नावं! मागे ग्रुपवर कोणीतरी "माडावर गरुड" एवढंच टाकलं, आम्ही अर्धा दिवस समुद्र गरुडाचे फोटो चाळतोय आणि निघाला धनेश (हॉर्नबिल), कारण त्यांच्या वाडीत धनेशालाच गरुड म्हणतात. तेव्हा गावचं नाव लिहाच, पण सोबत इंग्रजी नावही टाका.

दोन गोष्टी अजिबात चालणार नाहीत:
- मोबाईलवर आवाज लावून पक्षी बोलावणं
- घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकणं. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बिचकला तर तिला खायला कोण देणार?

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत नाव कळवा, चहापोह्यांचं सांगायचंय.