पश्या, फेब्रुवारीत रजा टाकच

काय बे पश्या,

परवा फोनवर मी काश्मीरात गुलमर्गला स्कीइंगला जाऊ म्हटलं तर "बर्फात काय हाय एवढं" म्हणून विषय संपवलास, म्हणून सविस्तर लिहितोय, सगळं वाच मग बोल.

तू म्हणतोस ते गोळे मारणं न भाड्याचा कोट घालून फोटो काढणं, त्यात खरंच काही नाही. गुलमर्गच्या खालचं गाव टांगमर्ग, तिथपासूनच कोट-बूटवाले, स्लेजवाले मागं लागतात. स्लेज म्हणजे आपण फळीवर बसायचं आणि दुसऱ्या माणसानं दोरीनं ओढायचं, मला तर कसंतरीच वाटलं, वर भाव खाली एक न गुलमर्गात दुसरा, वाद झाला, जाऊ दे.

पण स्कीइंग! ते बूट आधी जीव खातात, जाड प्लास्टिकचे, घोटा हलतच नाही, प्लास्टर घातल्यागत चालावं लागतं. पुढचं टोक स्कीत, म्हणजे पायाखालच्या लांब पट्टीत, अडकवायचं, टाच दाबायची की खट्ट. मग इन्स्ट्रक्टर काय शिकवला माहितीय का, पडायचं कसं! कुशीवर पडायचं, उठताना स्की उताराला आडव्या ठेवायच्या नाहीतर उठता उठताच घसरतोस. मग ब्रेक, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, आणि आतल्या कडा बर्फात दाबायच्या. भीती वाटली की माणूस आपोआप मागं झुकतो आणि तिथंच गंमत होते, वजन टाचेवर गेलं की स्की ऐकतच नाहीत, सुसाट. उताराकडं तोंड करून पुढं झुकायचं, नडगी बुटाला टेकली पाहिजे. "आगे झुको, आगे झुको" करून तो माणूस घसा बसवून घेतला बिचारा. पण एकदा का जमलं ना, आपण ठरवू तिथं थांबतो, काय भारी वाटतं राव!

गोंडोला म्हणजे वर नेणारा रोपवे, त्याचं तिकीट मात्र ऑनलाइन आधीच काढायचं. पहिला टप्पा कोंगडोरी, दुसरा अफरवट, तिथं जवळजवळ 3,950 मीटर, म्हणजे आपलं कळसूबाई 1,646 मीटर, बघ हिशोब कर. वरचे उतार आपल्यासाठी नाहीत, शिकायला खालचंच मैदान बरं. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारताकडून एकटाच गेलेला आरिफ खान याच टांगमर्गचा, तिथली बारकी पोरं आपल्या बाजूनं सपकन निघून जातात तेव्हा आश्चर्य वाटत नाही.

गॉगल न सनस्क्रीन घे, "मे महिना सोसतो मी" असलं काय बोलू नको, बर्फावरनं ऊन उलटं तोंडावर येतं.

जानेवारीत तू आपली सोलापूरची गड्डा जत्रा सोडून येणार नाहीस, ठाऊक आहे, येऊही नको. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस तिकडं चिल्लई कलान, सगळ्यात कडक थंडी. फेब्रुवारीत बर्फ असतोच न गारठा जरा सोसवतो. पुण्यातनं श्रीनगर विमान, पुढं गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. वहिनींना मी सांगतो, तू फक्त साहेबाला पटव. शेंगा चटणी जास्त घे, तिथल्या जेवणाला तिखट कमी पडतं.

तुझाच,
बाळ्या