उपग्रह शून्य, दिवा हिरवा: जीपीएस मास्टर क्लॉकबाबत तक्रार

प्रति,
ग्राहकसेवा प्रमुख

विषय: उपग्रह सुटल्यावरही ‘लॉक’ दाखवणाऱ्या जीपीएस मास्टर क्लॉकबाबत तिसरे पत्र

महोदय,

उपग्रहांवरून वेळ घेऊन आमच्या सबस्टेशनच्या यंत्रांना पुरवणाऱ्या तुमच्या मास्टर क्लॉकबद्दल आम्ही आधी दोन पत्रे लिहिली. पहिल्या पत्राला तुमचे उत्तर आले की अँटेना ग्राहकाच्या बाजूने खराब झाली, सबब वॉरंटी लागू नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर म्हणून फर्मवेअरची फाइल आली. मूळ तक्रार दोन्ही वेळा कोणी वाचलेली दिसत नाही, म्हणून सगळे पुन्हा मांडतो.

आमच्या 118 किलोमीटरच्या एका वीजलाइनवर अर्थ फॉल्ट (तारेतून वीज जमिनीत उतरण्याचा बिघाड) आला आणि दोन्ही टोकांचे ब्रेकर ट्रिप झाले, म्हणजे उघडून त्यांनी वीज तोडली. इथवर सगळे चोख. गडबड नंतर उघडकीस आली. दोन्ही सबस्टेशनच्या रिलेंचे (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडवणाऱ्या यंत्रांचे) रेकॉर्ड स्क्रीनवर एकाखाली एक लावले, तर पलीकडच्या टोकाला फॉल्ट दिसण्याच्या 29 मिलिसेकंद आधीच आमचा ब्रेकर उघडलेला! म्हणजे आधी ट्रिप आणि मग फॉल्ट. दोन्हीकडे फॉल्टचा करंट जिथे उसळतो तो क्षण जुळवून पाहिला, तेव्हा आमचे घड्याळ 94 मिलिसेकंद मागे असल्याचे कळले.

क्लॉकचा लॉग उघडला. त्यात उपग्रहांची संख्या अकरा दिवसांपासून शून्य. मान वर करून पॅनेलकडे पाहिले, तर ‘लॉक’चा, म्हणजे उपग्रहांशी जुळल्याचा, दिवा हिरवागार.

अँटेनाबद्दल वाद नाही. कनेक्टर उघडला तेव्हा आत पाणी होते आणि तांब्यावर हिरवट थर चढला होता. जोडणी आमची, चूक आमची. नवी अँटेना आणि केबल आम्ही आमच्या पैशाने बसवली. उघड्यावरची अँटेना कधी ना कधी दगा देणारच. म्हणून तर होल्डओव्हर (उपग्रहांविना आतल्या क्रिस्टलवर वेळ सांभाळणे) असतो आणि म्हणूनच आम्ही जास्तीचे पैसे मोजून ओव्हन क्रिस्टलचे, म्हणजे स्थिर तापमानात ठेवलेल्या अचूक क्रिस्टलचे, मॉडेल घेतले. उपग्रह सुटल्यावर पहिल्या 24 तासांत वेळ 10 मायक्रोसेकंदांहून जास्त सरकणार नाही, असे तुमच्या माहितीपत्रकात छापले आहे. अकरा दिवसांत 94 मिलिसेकंद म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ मिलिसेकंद, साधारण एक कोटीत एक भाग. हे ओव्हन क्रिस्टलचे लक्षण नाही. आत कोणता क्रिस्टल आहे हे आम्ही खोलून पाहिलेले नाही, सील जसेच्या तसे आहे. तुम्हीच पाहा आणि लेखी कळवा.

पण घड्याळ सरकले ही खरी तक्रार नाही. ते सरकले आणि गप्प बसले, ही तक्रार आहे. क्लॉक यंत्रांना तारेवरून वेळ देते त्या आयआरआयजी-बी सिग्नलमध्ये वेळेच्या गुणवत्तेचे बिट असतात. ते शेवटपर्यंत शून्य, म्हणजे ‘सर्व ठीक’. पीटीपीवर (नेटवर्कवरून वेळ पाठवण्याच्या पद्धतीत) क्लॉक क्लास, म्हणजे घड्याळाचा दर्जा, 6 जाहीर होत राहिला. तो उपग्रहांशी जुळलेल्या घड्याळाचा क्लास आहे. जुळणी सुटल्यावर 7 आणि होल्डओव्हरची मर्यादा ओलांडल्यावर त्याहून खालचा दर्जा जाहीर व्हायला हवा होता. आमचे दुसरे क्लॉक शेजारच्याच रॅकमध्ये नऊ उपग्रह धरून बसले होते. पहिल्याने आपला दर्जा खाली आणला असता, तर दुसऱ्याने आपोआप सूत्रे घेतली असती. दोन घड्याळे घेण्याचा उद्देशच तुमच्या या हिरव्या दिव्याने पाण्यात घातला.

सगळ्यात संताप येतो तो पीएमयूच्या (ग्रिडचे व्होल्टेज आणि करंट अचूक वेळेसह मोजणाऱ्या यंत्राच्या) प्रकरणाचा. तिसऱ्या दिवशीच नियंत्रण कक्षातून फोन आला होता, ‘तुमच्या स्टेशनचा फेज अँगल तासाला सहा अंशांहून जास्त सरकतोय.’ आम्ही क्लॉककडे पाहिले, हिरवा दिवा पाहिला आणि दोन दिवस व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या जोडण्या तपासत बसलो. काही सापडले नाही, तेव्हा पीएमयूच बिघडला असे ठरवून तो सेवेतून काढला. 50 हर्ट्झवर 31.8 मायक्रोसेकंदांची चूक झाली की फेजर मोजणीतली (व्होल्टेज-करंटचा आकार आणि कोन यांच्या मोजणीतली) एक टक्क्याची मुभा एकट्या वेळेतच संपते. आमच्या घड्याळाने ती पहिल्या सहा मिनिटांतच ओलांडली असणार. बिचारा पीएमयू निर्दोष होता.

दोन्ही टोकांच्या करंटची तुलना करणारे लाइन डिफरेन्शियल संरक्षण मात्र दोन टोकांमधल्या संदेश-चॅनेलवरच्या जाण्या-येण्याच्या वेळेवर चालते, बाहेरच्या घड्याळावर नाही. म्हणून भलते ट्रिपिंग टळले. हे आमचे नशीब, तुमची पुण्याई नव्हे. फॉल्टची लहर दोन्ही टोकांना कधी पोहोचली यावरून जागा शोधणाऱ्या ट्रॅव्हलिंग वेव्ह पद्धतीच्या फॉल्ट लोकेटरमध्ये एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे सुमारे 150 मीटर. त्या हिशेबाने आमचा फॉल्ट चौदा हजार किलोमीटर चुकीच्या जागी पडतो. गस्तीच्या पथकाला अख्खी लाइन पायी पालथी घालावी लागली.

‘काही मिलिसेकंदांनी प्रत्यक्षात फरक पडत नाही,’ असे तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिका आणि कॅनडात जो मोठा अंधार झाला, त्याच्या तपासात नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळवण्यातच बराच वेळ गेला. वेळेशी समक्रमित नोंदयंत्रे सक्तीची करा, ही शिफारस त्या अंतिम अहवालात आहे. प्रतिनिधींना ती वाचायला द्या.

तुमचे नवे फर्मवेअर आम्ही टेस्ट बेंचवर चढवले. त्यानंतर क्लॉक यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) 18 सेकंद पुढे धावू लागले, म्हणजे लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून घातलेले जादा सेकंद) वजा न करता थेट जीपीएसची वेळ देऊ लागले. ते आम्ही काढून टाकले आहे.

बिघडलेले क्लॉक बदलून द्या आणि नव्या क्लॉकसोबत अँटेना काढून घेतलेल्या 24 तासांच्या होल्डओव्हर चाचणीचा अहवाल पाठवा. दिवा, बिट आणि क्लॉक क्लास हे तिन्ही उपग्रह सुटताच बदलतात, हे आमच्या समोर अँटेनाची वायर उपसून दाखवा. हे मॉडेल इतर ग्राहकांकडेही असेल. त्यांना सावध केले का, तेही कळवा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास दोन्ही क्लॉक परत करून पूर्ण रकमेची मागणी करू.

दुसऱ्या क्लॉकच्या दिव्याखाली आमच्या ऑपरेटरने सध्या कागद चिकटवला आहे: ‘हिरवा असला तरी उपग्रह मोजणे.’ दर शिफ्टला तो मोजून रजिस्टरमध्ये आकडा लिहितो.

आपला,
संरक्षण व चाचणी विभाग प्रमुख

सोबत: दोन्ही टोकांचे रिले रेकॉर्ड, क्लॉकचा अकरा दिवसांचा लॉग, कनेक्टरचे फोटो