काका, प्रोसिडिंग वाचायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

लघुप्रबंध सादर झाला. आभाराच्या पानावर मार्गदर्शक, ग्रंथपाल, आई-वडील असा ठरलेला क्रम असतो. त्यात तुमच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली, आणि ती मला काही केल्या पुरेना. म्हणून हे जाहीर पत्र. नाव घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. सातारा जिल्ह्यात पालिकेत कारकुनी केलेली मंडळी ओळखतीलच.

विषय होता कराडचे पी. डी. पाटील. चाळीसहून अधिक वर्षं नगराध्यक्षपद एकाच माणसाकडे, हे आज कॉलेजच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात. त्याच काळात मुंबईचा महापौर वर्षावर्षाला बदलत होता. यशवंतराव चव्हाणांचे निकटचे सहकारी, सह्याद्री साखर कारखान्याचे अध्यक्ष, पुढे सहकारमंत्री झालेल्या बाळासाहेब पाटलांचे वडील, एवढं तर कराडच्या स्टँडवर उभा असलेला कुणीही सांगेल. छापील लेखांत याच्यावर ‘विकासपुरुष’ आणि ‘अजातशत्रू’ची भर. माझी वही अशा शब्दांनी भरत चालली होती. तुम्ही ती चाळलीत आणि म्हणालात, “गौरवग्रंथातला माणूस कधी सभा तहकूब करत नाही. तू प्रोसिडिंग बघ.”

आता प्रोसिडिंग, म्हणजे पालिकेच्या सभेचं इतिवृत्त, बघायचं म्हणजे काय, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. गोल बागेजवळच्या तुमच्या घरी तुम्ही एका जुन्या सभेची झेरॉक्स माझ्यापुढे पसरलीत. पहिला विषय नेहमीचा, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी तो सोडून पुढे निघाले तर तुम्ही बोट तिथेच ठेवलंत. मागच्या सभेत भांडण झालं असेल तर ते इथे, कायम करताना, पुन्हा वर येतं. मग ठरावाखालचे सूचक आणि अनुमोदक. तीच दोन नावं वर्षभर येत असतील तर सभागृहात बोलतं कोण आणि नुसतं बसतं कोण, ते कळतं. आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. खरी सत्ता तिथे दिसते, असं तुमचं म्हणणं. विषयपत्रिकेवर नसलेलं काय आत येतं आणि काय दारातच थांबतं, हे तो खुर्चीतला माणूस ठरवतो. ‘सर्वानुमते मंजूर’वरचं तुमचं भाष्य मी प्रबंधात घेऊ शकले नाही, इथे घेते: “सर्वानुमते म्हणजे सगळ्यांना पटलं असं नाही गं. कधीकधी चहा आलेला असतो.”

एका कार्यालयात मला ‘साहेब दौऱ्यावर’ एवढंच उत्तर मिळत राहिलं, तेव्हाही तुम्हीच अर्ज लिहून दाखवलात. माहिती अधिकारात ‘सर्व माहिती मिळावी’ असं लिहिलं की फाईल तिथेच बसते. सभेची तारीख लिही, विषय क्रमांक लिही, पानाच्या नकला माग. सहीशिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नको. मी उठले नाही, आणि नकला मिळाल्या.

इतकी वर्षं एकच नगराध्यक्ष असणं शहराला बरं की वाईट, यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. काम पिढीभर एका हातात राहिलं की पाणी-गटाराच्या योजना मधेच लटकत नाहीत, हा तुमचा मुद्दा. पदरात अनुभव आहे, तुम्ही म्हणणारच. माझं म्हणणं, तेवढ्याच वर्षांत दुसरा कुणी तयार झाला की नाही हेही मोजायला हवं. आता तो प्रश्नच उरलेला नाही म्हणा. पालिकांना घटनेत स्थान देणारी 74वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि नगराध्यक्षपदाचं आरक्षण फिरतं झालं. यंदा खुलं असलेलं पद पुढच्या खेपेला महिलेसाठी, त्यापुढे आणखी कुणासाठी. शिवाय निवडीची पद्धतही सरकारागणिक बदलत राहिली. 2016 मध्ये थेट जनतेतून, महाविकास आघाडीच्या काळात नगरसेवकांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. त्यातच 2021 च्या अखेरीला मुदती संपल्या आणि जवळजवळ चार वर्षं पालिका प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळातले ठराव वाचायला फार सोपे, असं तुम्ही म्हणालात, कारण सूचकही तेच आणि मंजूर करणारेही तेच. हे वाक्य मात्र मी तिसऱ्या प्रकरणात तुमच्या परवानगीने घेतलंय, ‘एका निवृत्त पालिका कर्मचाऱ्याच्या मते’ असं लिहून.

परीक्षकांनी तोंडीला सगळ्यात जास्त वेळ त्या तिसऱ्या प्रकरणावरच घालवला. ऐनवेळच्या विषयांचा तक्ता कुणाकडून शिकलात, असं विचारलं. मी सांगितलं.

प्रबंधाची एक प्रत रविवारी घेऊन येते. काकूंना सांगा, जेवायला थांबणार आहे. आणि लाल पेन जवळ ठेवा, परिशिष्टातल्या दोन ठरावांच्या तारखा मला अजून जुळत नाहीयेत.

तुमची,
तुम्ही जिला ‘पीडींची पोरगी’ म्हणता ती