घर ठाण्यात आणि मी वाशीच्या हॉटेलात

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहितेय. फोनवर काय होतं ते माहितीये ना, बाबा दोन मिनिटं बोलतात, मग "हं, आईला देतो" म्हणून फोन आईकडे आणि आई तू "जेवलीस का, बरं ठेव आता, कुकर लावलाय". म्हणून व्हॉट्सॲपवर टाकतेय. बाबा चष्मा लावून मोठ्याने वाचतील, तू मध्येमध्ये "काय म्हणाली?" विचारशील, चालेल, फक्त शेवटपर्यंत वाचा.

तर आई रुसलीये हे मला कळलंय, दादाने सांगितलं. पोरगी हैदराबादहून आली, नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर उतरली, ठाण्याचं तोंडही न बघता परस्पर वाशीला हॉटेलात गेली, हक्काचं घर असताना. आणि लोक विचारतात भांडून गेली का. लोक म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकूच ना? त्यांना सांग की भांडण झालं असतं तर मी आधी त्यांनाच फोन केला असता.

आई, खरं कारण सांगते, ऐक. महापेला क्लायंटचं डेटा सेंटर आहे, तिथे आमचं काम रात्री दहाला सुरू होतं आणि सकाळी सातला संपतं, कारण दिवसा त्यांची सिस्टिम बंद ठेवता येत नाही. म्हणजे मला झोपायचं दिवसा. आता नौपाड्यात दिवसा झोपून दाखव. साडेनऊला भांड्यांच्या मावशी, मग तुझा मिक्सर, समोरच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालूये तिथला तो ब्रेकर, आणि हे सगळं सहन करून डोळा लागलाच तर तू हळूच दार उघडून बघणार झोपलीये का, आणि झोपलेली असले तर "झोपलीस का गं?" असं विचारणार. लिंबू सरबत घेऊन. मला ते सरबत आवडतं पण दुपारी बारा वाजता, रात्रभर जागल्यावर नाही. शिवाय बुकिंग कंपनीने केलंय, टीममधले सगळे इथेच, एकच गाडी रात्री सगळ्यांना नेते नि सकाळी आणून सोडते.

आता तुझे तीन प्रश्न, जे तू दादाला विचारलेस आणि मला विचारले नाहीस. चादरी स्वच्छ आहेत का, दाराला कडी आहे का, आणि खायला काय देतात.

चादरी पांढऱ्याशुभ्र. सगळ्या हॉटेलात पांढऱ्याच का असतात हे मला आता कळलं, डाग लपत नाही आणि ब्लीचमध्ये टाकून एकदम धुता येतात. त्या अंथरायची पद्धत बघशील तर तुला आवडेल. हाउसकीपिंगच्या ताई येतात त्या आधी पायथ्याशी चादर गादीखाली खोचतात, मग कोपऱ्याची बाजू उचलून वर गादीवर टाकतात, खाली लोंबणारा भाग आत सारतात आणि वरचा सोडून परत खोचतात, अशी तिरकी घडी पडते की रात्रभर लोळलं तरी सुटत नाही. मी त्यांना दोनदा करायला लावलं. आपल्याकडे फिटेड चादरी घेऊन आलेल्या वहिनीला दाखवायला पाहिजे.

या ताई संगमेश्वरकडच्या, राहतात कोपरखैरण्याला. पहिल्या दिवशी "मॅडम कुठल्या?" म्हणून विचारलं, म्हटलं ठाण्याची. त्या थांबल्याच. "ठाण्याच्या? मग इथं कशाला राहताय?" म्हणजे आई, तुझी पार्टी इथेही आहे. आता त्यांना माहितीये मी दिवसा झोपते, तर त्या माझी खोली तीनच्या नंतरच करतात आणि दूध पावडरच्या जास्तीच्या पुड्या ठेवून जातात. त्या पुड्या लागतातच. खोलीत किटली आहे, डिप चहा आहे, पण एका पुडीने चहा पांढरासुद्धा होत नाही. तीन घातल्या तर जरा चहा वाटतो. आलं नाही, गवती चहा नाही, काही नाही.

कडी: आहे. कडी, साखळी, आणि वर कुलूप कार्डाचं. तेच कार्ड आत भिंतीवरच्या खाचेत घातल्याशिवाय दिवे लागत नाहीत, आणि बाहेर जाताना काढलं की सगळं बंद. बाबांना ही सिस्टिम जाम आवडणार, "बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला" हा प्रश्नच मिटला.

बाथरूमचं एक आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथे गेल्यावर ओरडायला नको. खोली आणि बाथरूमच्या मध्ये काचेची भिंत आहे. हो, काचेची. आतून पडदा आहे, बटण दाबलं की खाली येतो, पण ही कल्पना कोणाला सुचली आणि का सुचली ते मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. हल्ली बऱ्याच हॉटेलात असते. बादली नाही, मग नाही, नुसता शॉवर, आणि त्याला इतके नळ की पहिल्यांदा मी पूर्ण कपड्यात भिजले. बादली मागितली की आणून देतात, मी विचारून ठेवलंय.

एसी. बाबा, तुम्ही २६ वर ठेवून पंखा लावता ते बरोबरच आहे, इथे मी रोज २५ करते आणि रोज कोणीतरी साफसफाई झाल्यावर २० करून जातं. खिडक्या उघडत नाहीत. मला आधी राग आला, मे महिन्यात संध्याकाळी खाडीवरून काय वारा येतो आणि हे लोक काच बंद करून बसलेत, पण तुम्हीच शिकवलंय तसं विचार केला तर कळतं, बाहेरची दमट हवा आत आली की गार भिंतीवर, आरशावर पाणी धरणार, आणि मग कार्पेटला नि वॉलपेपरला बुरशी. आपल्या हवेत गार खोली ठेवायची म्हणजे ती बंदच ठेवावी लागते. रात्री ड्यूटीला निघते तेव्हा लॉबीच्या दारातून बाहेर पाय टाकला की चष्मा पूर्ण धुकट, ड्रायव्हरदादा हॉर्न देतात तेव्हा कळतं गाडी कुठे उभी आहे.

आणि खायला. आई, इथला नाष्टा बघून तुला राग येणार आहे, कारण एवढं सगळं असून मी फक्त इडली नि पपई खाते. सातला काम संपवून येते, हात धुते, सरळ तिथे. डोसे समोर करून देतात, अंडी हवी तशी, पोहे, उपमा, चार प्रकारचे पाव, कलिंगडाचा ज्यूस. मिसळही ठेवतात. ती खाऊ नका. मटकीची गोडसर उसळ आणि वर मोजून शेव, आपल्या ठाण्यातल्या मामलेदारच्या झणझणीत मिसळीवर वाढलेल्या माणसाला ती देणं हा अन्याय आहे. पोहे मात्र खरंच चांगले असतात, मऊ, लिंबू पिळलेलं, वर ओलं खोबरं. ते करणारा मुलगा अलिबागकडचा आहे.

आंब्याच्या फोडी असतात रोज, पुढे पाटी "हापूस". बाबा, मी खाल्ल्या, हापूस नाही, गोड आहे पण तो वास नाही. म्हणजे घाऊक फळबाजार इथून रिक्षेच्या अंतरावर, अख्ख्या मुंबईचा आंबा जिथे उतरतो तिथे राहून ही थट्टा. तुम्ही आलात की देठापाशी वास घेऊन निकाल द्या.

बाकी पोहण्याचा तलाव आहे, जिम आहे, गेले नाही. लॉन्ड्रीचा रेट बघून मी दोन कुडते बाथरूममध्ये धुतले आणि त्या काचेच्या भिंतीला टांगले, तेवढा तरी उपयोग झाला तिचा.

हो, आलात की म्हटलं. तेच सांगायचंय.

शुक्रवारची रात्र झाली की माझं काम संपतं. माझं विमान रविवारी रात्रीचं आहे. आधी ठरवलं होतं शनिवारी ठाण्याला यायचं, पण आता असं करूया, शनिवारी तुम्ही दोघं इकडे या, रात्रभर राहा, रविवारी सकाळी आरामात नाष्टा करू, आणि तिघं मिळून ठाण्याला जाऊ, दुपारी आमरस घरीच. तिथूनच मी विमानतळाला निघेन. तुमच्यासाठी शेजारची खोली घेतलीये. मी घेतलीये, कंपनीने नाही, फक्त रेट कंपनीचा मिळालाय. बाबा, आकडा सांगणार नाही, पण साडेसात हजारांच्या आत आहे म्हणून जीएसटी ५ टक्के लागला, वर गेला असता तर १८ होता, एवढ्यावर समाधान माना. पैसे भरून झालेत आणि परत मिळत नाहीत, म्हणजे आला नाहीत तरी गेलेच.

मला माहितीये बाबा काय म्हणणार. हॉटेल म्हणजे पाठ टेकायची जागा, त्याला कशाला एवढे. तुम्ही आम्हाला शेगावला नेलंत, पंढरपूरला नेलंत, गणपतीपुळ्याला, सगळीकडे भक्तनिवास नाहीतर एमटीडीसी, आणि आई प्रत्येक ठिकाणी पोचल्या पोचल्या आपली चादर काढून पसरायची नि केर काढायची. प्रवासातही पहिली उठणार तीच, साडेपाचला, गिझर आहे का बघायला. आई, मला तुला एक सकाळ असं बघायचंय की तू बसलीयेस आणि कोणीतरी दुसरं तुझ्यासमोर गरम डोसा आणून ठेवतंय. टेबल पुसायला लागलीस तर हात धरीन.

आणि बाबा, तुमच्यासाठी खिडकी. वरचा मजला आहे, खाडी दिसते, पूल दिसतात, १९७३ चा पहिला, मग ९७ चा, आणि आता तिसराही झालाय, रेल्वेचा वेगळाच. तुम्ही टीटीसीतल्या, म्हणजे इथल्या एमआयडीसी पट्ट्यातल्या, कंपनीत जायचात तेव्हा ठाण्याहून इकडे लोकल नव्हती, ती २००४ ला आली, तोपर्यंत तुम्ही रिटायरमेंटला टेकला होतात. कळवा, विटावा, दिघा करत कंपनीची बस, पावसाळ्यात दोन दोन तास. ती सगळी पट्टी आता काचेच्या इमारतींनी भरलीये, मी रोज रात्री त्याच ठाणे-बेलापूर रोडला लागते आणि दर वेळी मनात येतं की बाबांची कंपनी नक्की कुठे होती, तुम्ही असतात तर बोट दाखवलं असतंत. सिडकोच्या फ्लॅटचा फॉर्म आणला होतात नि "खाडीपलीकडे कोण जाणार" म्हणून भरला नाहीत, तो विषय मी काढणार नाही. आईच काढेल.

आणखी एक, ओहोटी असली की सकाळी चिखलात गुलाबी पट्टा दिसतो. फ्लेमिंगो. आधी मला वाटलं प्लास्टिक वाहून आलंय. मग पट्टा सरकला. भरती आली की ते सगळे उठून सीवूड्स-नेरूळकडच्या पाणथळीवर जाऊन बसतात, पाणी उतरलं की परत खाडीत खायला. २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही कात्रणाचा फोटो पाठवला होतात आणि मी नुसता अंगठा टाकला होता. पाऊस सुरू झाला की बरेचसे निघून जातील, म्हणून पण आत्ताच या. आणि नाव ठाण्याच्या खाडीचंच आहे, तेव्हा काकूंना सांगा, मुलगी काही फार लांब गेलेली नाही.

यायचं कसं: दुपारी तीन-साडेतीनला निघा, शनिवारी त्या वेळी गर्दी कमी. ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मच्या बाजूला या, सरकत्या जिन्याने, आईचा गुडघा. गाडी वाशीचीच बघून बसा, पनवेलची किंवा नेरूळची घेतलीत तर ती तुर्भ्यानंतर जुईनगरला वळते आणि मग तुम्ही सानपाडा शोधत बसाल. वाशीला उतरलात की तिथेच थांबा, जिने चढू नका, मी प्लॅटफॉर्मवर येते. ओला-उबर वगैरे बाबा तुम्ही करू नका, मागच्या वेळचा ओटीपीचा घोळ पुरे.

बाबांचा शनिवारचा उपास मला लक्षात आहे, रात्री सोडतात ना, इथे खाली वरण-भात करून देतात सांगितलं तर. तुळशीला पाणी काकू घालतील, त्यांना किल्ली द्या, त्यांचीही सोय होईल आत डोकवायची.

बाबा, दोघांची आधार कार्डं ओरिजिनल आणा. फाइलमधली झेरॉक्स नको, रिसेप्शनवर खरी बघायला मागतात. आई, चादर आणू नकोस, टॉवेल नको, पाण्याच्या बाटल्या नको, केरसुणी तर अजिबात नको. आल्याचा तुकडा आण छोटा, आणि यंदाचं कैरीचं लोणचं घातलं असशील तर छोट्या बरणीत, घट्ट झाकण लावून, मागच्या वेळी बाबांच्या बॅगेत सांडलं होतं तसं नको. निघालात की मिस कॉल द्या.

तुमची,
सोनू