स्टेनलेसचे कटपीस भंगारात घालण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वागळे इस्टेट असो की रबाळे, महापे, तुर्भे. शिअरखाली (पत्रा कापायच्या मशीनखाली) पडलेले स्टेनलेसचे कटपीस किलोवर भंगारात जातात. आर्गॉन वेल्डिंग (सांध्याला हवा लागू नये म्हणून आर्गॉन वायू सोडत केलेलं वेल्डिंग) शिकणाऱ्या मुलांना मात्र सरावाला बहुधा एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाची) पट्टीच मिळते. त्यावर हात बसलेला मुलगा स्टेनलेसची पातळ शीट हमखास वाकवतो. नेहमीच्या वापरातलं स्टेनलेस एमएसपेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता वाहून नेण्यात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे सगळी धग सांध्यापाशीच साचते. हे एमएसवर शिकता येत नाही.

कारखान्यांनी हे तुकडे द्यावेत, पण ग्रेड (२०२, ३०४ असा स्टेनलेसच्या प्रकाराचा क्रमांक) लिहून. ते काम शिअरपाशीच मार्करने होतं. एकदा पिंपात पडले की चुंबकाचाही उपयोग थोडाच. त्याला चिकटणारं ४३० कळतं, २०२ आणि ३०४ मधला फरक नाही. वाकवलेल्या कडेला तर ३०४ सुद्धा थोडं चिकटतं. लेथवरचे बारचे तुकडे देऊच नयेत. त्यात ३०३ असलं तर त्यातल्या गंधकाने सांधा तडकतो आणि मुलगा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. गॅल्व्हनाइज्ड तुकडे आणि केमिकल लाइनमधून काढलेले पाइपही नकोत; जस्ताचा धूर बाधतो आणि पाइपात काय उरलंय याचा भरवसा नाही.

सरावाला दीड मिलिमीटर जाडीच्या, ५० बाय १५० मिलिमीटरच्या पट्ट्या पुरतात. कडेचा बर (कापताना उरलेली खरखरीत धार) काढून अॅसिटोनने पुसा आणि ते वाळल्यावरच आर्क मारा. क्लोरीनयुक्त क्लीनर चुकूनही नको, आर्कखाली त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. वायर ब्रश आणि ग्राइंडिंग डिस्क स्टेनलेससाठी वेगळी ठेवा, नाहीतर एमएसचे कण बसून खाडीच्या हवेत चार दिवसांत गंज दिसेल.

३०४ ला ३०८एल फिलर (सांध्यात वितळवायची तार), १.६ मिलिमीटरचं टंगस्टन (टॉर्चमधला इलेक्ट्रोड), डीसी, टॉर्च निगेटिव्हला. करंट ४५ ते ६० अँपिअर, आर्गॉन मिनिटाला सात-आठ लिटर. पंख्याचा झोत सांध्यावर येता कामा नये, गॅस उडतो. मात्र धुरात विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं म्हणून बाजूने एक्झॉस्ट हवाच. टॅक (पट्ट्या जागेवर धरणारे छोटे टाके) २५ ते ३० मिलिमीटरवर, आधी दोन्ही टोकं, मग मध्य. आर्क तोडल्यावर पाच-सहा सेकंद गॅस चालू ठेवून टॉर्च तिथेच धरा, घाईने उचलला की शेवटचा खड्डा काळा पडतो.

मग सांध्याचा रंग पाहा. फिका सोनेरी असेल तर हात बरा, निळा-जांभळा म्हणजे उष्णता जास्त, राखाडी आला तर वेग वाढवा किंवा करंट उतरवा. पट्टी उलटून पाहायला मात्र बहुतेक जण विसरतात! मागे काळा, दाणेदार थर असेल तर तिकडे हवा लागली आहे. मागे तांब्याची पट्टी लावा, पाइप असेल तर आतूनही आर्गॉन सोडा. शेवटी २५ मिलिमीटरची पट्टी कापून, मुळाची (वेल्डची मागची) बाजू बाहेर ठेवून व्हाइसमध्ये वाकवा. दिसायला देखणे सांधे इथेच उघडे पडतात.

तुकडे बाहेर न्यायचे तर लेखी गेट पास हवाच. डब्याच्या पिशवीतून नेले तर ती चोरी. त्यापेक्षा शिफ्ट संपल्यावर शॉपमध्येच, सुपरवायझरसमोर सराव व्हावा. ३०४ वर ३०८एल वापरलं असेल तर सरावाच्या पट्ट्या पुन्हा ३०४ च्याच भंगारात जातात. मालकाचा खर्च होतो तो आर्गॉन, फिलर आणि विजेचा.

– एक शिल्प निदेशक (वेल्डर), कोपरखैरणे